वाढत्या अंगाचा वावटळ

ज्या माणसानं आयुष्यात कुठलीच गोष्ट कधी लहान केली नव्हती, त्याला आम्ही एक माणूस लहान करायला बोलावलं होतं. चूक आमचीच. त्यातही थोडी जास्त माझी, कारण त्यांचं नाव मी सुचवलं होतं.

सगळे त्यांना आबा म्हणत, म्हणून मीही आबाच म्हणते. धुळ्याचे जुने पेंटर. दुकानांच्या पाट्या, सिनेमाचे बॅनर, ट्रकच्या मागच्या फळ्या, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, सगळं केलेलं. आमच्या असोद्याच्या बुद्धविहारावरची अक्षरंही त्यांच्याच हातची. ती अजून ऊन खात तशीच ठणठणीत उभी आहेत. पण माझ्या वडिलांच्या लेखी या सगळ्याला किंमत नव्हती. त्यांच्या लेखी आबा म्हणजे 'वीर वावटळ'चे आबा. धुळ्यातून निघणाऱ्या एका मुलांच्या मासिकात आबांनी बरीच वर्षं ही चित्रकथा काढली. मासिक बंद पडलं तसा वावटळही थांबला. माझे वडील एसटीत कंडक्टर. धुळ्याच्या फेरीवर असले की स्टँडवरून अंक घ्यायचे आणि तिकिटांच्या पेटीत घालून आणायचे. आमच्या घरी लग्नाचा अल्बम सापडत नाही, पण वावटळचे अंक ट्रंकेत क्रमानं लावलेले आहेत.

वावटळ हा आपल्याकडचा सुपरहीरो. उन्हाळ्यात रिकाम्या वावरात धुळीचा भोवरा उठतो ना, त्यातून हा बाहेर पडायचा. अंगात घट्ट तुमान, रुंद कमरपट्टा, गुडघ्यापर्यंत बूट, खांद्यावर फडफडणारं उपरणं आणि ओठांवर अशी मिशी, की दोन्ही टोकांना एकेक पोपट बसवावा. त्याचा कायमचा शत्रू टोळासुर, तो कपाशी खायचा. पहिल्या वर्षी रावेरहून एका केळीवाल्याचं रागाचं पत्र आलं, की तुमचा नायक वादळ होऊन फिरतो, इकडे आमच्या केळी आडव्या होतात, याला वीर कसं म्हणायचं? आबांना ते लागलं. पुढच्या अंकात वावटळ रावेरला गेला आणि त्यानं पडलेल्या केळी एकेक करून उभ्या केल्या, टेकू लावले. आठ पानं नुसता हाच कार्यक्रम. टोळासुर शेवटच्या चौकटीत कोपऱ्यात उभा राहून वाट पाहतोय. वडील म्हणतात, तो सगळ्यात कंटाळवाणा अंक आणि सगळ्यात चांगला.

मी जळगावात एका लहानशा अॅनिमेशन स्टुडिओत काम करायचे तेव्हाची ही गोष्ट. आमचे मालक, भाऊ, आधी लग्नाचे व्हिडिओ काढायचे. वधूवरांच्या मागे हिमालय लावता लावता त्यांना कॉम्प्युटरची गोडी लागली आणि त्यांनी आम्हा आठ पोरापोरींना गोळा करून स्टुडिओ काढला. एकदा मुंबईच्या एका कंपनीनं विचारलं, तुमच्या भागातला एखादा जुना चित्रकथेतला नायक आहे का? मुलांसाठी मालिका करायची आहे. भाऊंनी आमच्याकडे पाहिलं. मी वडिलांचे अंक आणून टेबलावर ठेवले.

कंपनीच्या मॅडमना वावटळ आवडला. फक्त एकच बदल हवा होता. तो पंधरा वर्षांचा हवा. पाहणारी मुलं त्या वयाची, मिशीवाल्या काकांची गोष्ट कोण पाहणार? वावटळ वावटळ व्हायच्या आधीचा, नुकती शक्ती मिळालेला, शाळेत जाणारा. भाऊ म्हणाले, सोपं आहे. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी आबांना ओळखत नव्हतं.

आबा धुळ्याहून सकाळच्या एसटीनं यायचे. स्टँडपासून स्टुडिओपर्यंतचा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना वाढदिवसाचे फ्लेक्स. फ्लेक्सनं आबांचा धंदा खाल्ला होता, म्हणून त्यांनी फ्लेक्सकडे पाहायचं सोडलं होतं. नुसतं सोडलं नव्हतं, भर उन्हात ते छत्री उघडून ती डोक्यावर न धरता बाजूला धरायचे, ज्या बाजूला फ्लेक्स असेल त्या बाजूला. दोन्हीकडे असले की रस्त्याच्या मधून खाली मान घालून चालायचे आणि रिक्षावाल्यांच्या शिव्या खायचे. हातानं रंगवलेली पाटी दिसली की मात्र थांबून तिला मार्क द्यायचे. एका पिठाच्या गिरणीला त्यांनी दहापैकी साडेआठ दिले होते आणि गिरणीवाल्याला तसं सांगूनही आले होते. तो बिचारा दोन दिवस विचारत होता, की नगरपालिकेचे साहेब होते का.

फिरत्या खुर्चीवर ते बसत नसत. बूड एकीकडे आणि डोकं दुसरीकडे जाणारी वस्तू भल्या माणसाची नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्यासाठी भाऊंनी घरून लाकडी पाट आणला. त्यावर मांडी घालून, पुढ्यात कळण्याच्या भाकरीचं गाठोडं ठेवून आबा बसले की आमच्या एसी ऑफिसात एखादं किराणा दुकान उघडल्यासारखं वाटायचं.

पहिल्या दिवशी मी त्यांना चित्र काढायची पाटी दिली, कॉम्प्युटरला जोडलेली. तिचं पेन हातात घेऊन त्यांनी आधी वास घेतला. वास नाही म्हणून जरा नाराज झाले. मग दोन रेघा छान ओढल्या. मी खूश. तिसऱ्या रेघेच्या आधी त्यांनी, साठ वर्षांची सवय, पेन शेजारच्या पेल्यात बुडवलं. पेल्यात चहा होता. पेन तिथेच गेलं. आबांनी ते निरखून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "कच्चा माल शे."

केलेली रेघ मागे घ्यायचं बटण दाखवल्यावर मात्र त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांनी ते एकदा दाबलं, रेघ गेली. पुन्हा दाबलं, आधीची गेली. मग दाबतच राहिले. माझं सकाळपासूनचं सगळं काम उलटं जात जात पांढरं झालं.

"आखो मांगे जाई का?" त्यांनी विचारलं.

"एवढंच जातं, आबा."

"मी म्हनं मना लगीनपर्यंत जास का काय."

हे सगळं ठीक होतं. अडलं ते वावटळच्या वयापाशी. भाऊंनी त्यांना समजावलं, की पंधरा वर्षांचा वावटळ काढायचा आहे. आबा म्हणाले, तो पंधरा वर्षांचा कधी नव्हताच.

"वावटळले कोठे बालपन ऱ्हास, भाऊ? तो निंघना तोच डायरेक्ट पस्तीसना."

"पण आबा, लहान असेलच ना कधी?"

"मी त्याले पैदा कया. माले मालूम नही का?"

भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी अंकांकडे पाहिलं.

तरी ते कामाला लागले. पेंटर लोक छोटा फोटो मोठ्या भिंतीवर कसा चढवतात माहीत आहे ना? फोटोवर पेन्सिलीनं बारीक चौकटी आखायच्या, भिंतीवर तेवढ्याच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट इकडून तिकडे न्यायची. पासपोर्ट फोटोतला पुढारी दोन मजली होतो तो असा. आबांनी जन्मभर तेच केलेलं. आता त्यांनी तोच हिशेब उलटा लावला. जुन्या अंकातल्या वावटळवर मोठ्या चौकटी आखल्या, कोऱ्या कागदावर छोट्या, आणि दोन दिवस मान मोडून एकेक चौकट उतरवली. तयार झालेला पंधरा वर्षांचा वावटळ आम्ही भिंतीला टेकवून पाहिला. तो मिशीसकट, छातीसकट, कपाळावरच्या आठ्यांसकट लहान झाला होता. एखादा हवालदार गरम पाण्यात धुतल्यावर आटावा तसा.

आमच्यातला एक जण हसला. आबांनी ब्रश खाली ठेवला आणि पिशवी भरायला लागले. वावटळवर कोणी हसलेलं त्यांना चालायचं नाही. मासिकाच्या संपादकांनी एकदा विनोदी अंकासाठी वावटळला केळीच्या सालावरून घसरवा म्हणून सांगितलं होतं, तर आबांनी त्यांच्याशी वर्षभर अबोला धरला आणि चित्रं टपालानं पाठवली. दोघं एकाच गल्लीत राहत होते. आम्ही हसणाऱ्याला बाहेर पाठवलं, आबांसाठी शेवभाजी मागवली, तेव्हा कुठे पिशवी पुन्हा उतरली.

"मोठं करानं हाच आपला धंदा," ते जेवताना मला म्हणाले. "ल्हान करानं माले कोनी शिकाडंच नही."

दुसऱ्या खेपेला त्यांनी मिशी काढली. पण बाकी तसंच ठेवलं. तो नुकताच कोणाच्या तरी दहाव्याला बसून आलेला वाटत होता.

मग त्यांना कोणीतरी, म्हणजे मीच, सुचवलं, की आबा, पंधरा वर्षांची मुलं नीट पाहा. दुसऱ्या दिवशी आबा एसटीतून उतरले ते थेट एका शाळेसमोर जाऊन बसले. वही काढली आणि सुटीत बाहेर आलेल्या मुलांकडे टक लावून पाहू लागले. अर्ध्या तासानं तिथल्या वॉचमनचा भाऊंना फोन. एक म्हातारा मुलांकडे रोखून पाहतोय, विचारलं तर म्हणतो, भाऊंच्या सांगण्यावरून पाहतोय. मी स्कूटीवर धावत गेले. आबांना मुख्याध्यापिकेच्या खोलीत बसवलं असेल, पोलिस आले असतील, वडिलांना काय सांगू, असं काय काय मनात. पाहते तर आबा शाळेच्या फाटकासमोर स्टुलावर चढून पाटीवरचं 'विद्यालय' पुन्हा रंगवत होते आणि वॉचमन रंगाचा डबा धरून उभा होता. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "यांनी पाटीला दहापैकी दोन दिले हो. मग मीच म्हटलं, तुम्हीच करून दाखवा."

परत येताना मी विचारलं, मुलं पाहिलीत का?

"दखी ना. एक बी सरळ उभं ऱ्हास नही," आबा म्हणाले. "जो तो कसाले तरी टेकी उभा."

म्हणून तिसऱ्या खेपेचा वावटळ टेकलेला होता. खांबाला टेकलेला, झाडाला टेकलेला, आणि मारामारीच्या चित्रात चक्क टोळासुराला टेकलेला. भाऊंनी चित्रं एकेक करून पाहिली. मग म्हणाले, "आबा, याला बरं नाहीये का?"

इथपर्यंत आम्ही हसत होतो. मग मुंबईहून ईमेल आली. महिनाअखेरपर्यंत तुमचा नायक आला नाही, तर आमच्या डिझायनरनं केलेला घेऊन पुढे जाऊ. त्यावर मूळ चित्रकाराची सही तेवढी आणा. सही नसेल तर मालिका रद्द. सोबत त्यांचा वावटळ होता. टोपीवाला ढगळ बनियन, गळ्यात हेडफोन, केस विजेचा झटका बसल्यासारखे उभे, पायाखाली चाकांची फळी. नावही सुटसुटीत केलं होतं. वावू.

मी ते चित्र छापून आबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा पुसला.

"हाऊ कोन शे?"

"वावटळ," मी म्हटलं.

त्यांनी कागद हातात धरला, लांब नेला, जवळ आणला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. मग घडी घालून परत माझ्याकडे दिला. त्या दिवशी त्यांनी भाकरीचं गाठोडं सोडलं नाही. दुपारीच निघाले. मी खिडकीतून पाहिलं, तर छत्री मिटलेली होती आणि ते फ्लेक्सच्या रांगेतून सरळ चालले होते, इकडे तिकडे न बघता. मला फार वाईट वाटलं. ट्रंकेत शांत झोपलेल्या वावटळला मी उगाच उठवलं होतं, आणि आता त्याचं तोंड बदलून देणार होते. आणि आबांचं म्हणाल तर फ्लेक्सनं सगळं नेल्यावर त्यांच्या हातात स्वतःचं म्हणावं असं तेवढं एकच उरलं होतं.

महिना संपायला चार दिवस असताना भाऊंनी मला सहीचे कागद देऊन धुळ्याला पाठवलं. "तू सांगितलंस तर ऐकतील," म्हणाले. अवघड कामं द्यायची ही त्यांची पद्धत. एरंडोल, पारोळा करत एसटी दोन तासांनी पोहोचली. मी वाटेत तीनदा वाक्य जुळवलं आणि तीनदा मोडलं. आबांनी नाही म्हटलं तर आमच्या आठ जणांचं काम गेलं, आणि हो म्हटलं तर ते मी कसं पाहणार होते कोण जाणे.

आबांच्या बायकोला सगळी गल्ली अक्का म्हणते. अक्का शाळेचे गणवेश शिवतात. दिवस जूनचे होते, त्यामुळे त्या दोन खोल्यांत कापडाशिवाय काही दिसत नव्हतं. पलंगावर निळं, खुर्चीवर पांढरं, दारावर खाकी. आबा त्या ढिगात मशीनच्या पायाशी बसले होते आणि बटणं वेगळी करत होते. माझ्याकडे पाहून त्यांनी मान हलवली आणि कागदांकडे पाहून खाली घातली. अक्कांनी चहा ठेवला. मी पिशवीतून कागद काढले, पुन्हा ठेवले.

एवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आली. मुलगी सातवी-आठवीतली असेल. तिचा गणवेश तयार होता, घालून बघायचा होता. मुलगी आतल्या खोलीत जाऊन घालून आली. कुडता गुडघ्याखाली, बाह्या बोटांच्या पुढे वीतभर, सलवार दोन्ही हातांनी वर धरलेली. कमरेपाशी तीन घड्या.

"अक्का, जराक मोठा व्हयी गया का?" बाईनं विचारलं.

"तूच सांगेल व्हतं, वाढता आंगना शिवा म्हनीसन," अक्का म्हणाल्या. "आतमा कापडनी माया बी सोडेल शे. दोन वरीस चाली."

"मंग राहू द्या. पोरगी भलतीच वाढी ऱ्हायनी."

मुलीचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती आरशासमोर उभी होती. अंगात नवा गणवेश, छातीवर शाळेचा बिल्ला. तिनं एका हातानं सलवार पकडली, दुसऱ्या हाताची बाही झटकून बोटं बाहेर काढली, आणि खांदे मागे घेऊन ऐटीत स्वतःकडे पाहिलं. मॉनिटर झालेली असावी. आपण केवढ्या मोठ्या कपड्यात उभे आहोत हे तिला दिसतच नव्हतं. तिला बिल्ला दिसत होता.

बटणांचा डबा कलंडल्याचा आवाज झाला. आबा उठले होते.

"तशीच उभी ऱ्हाय, माय. हालू नको."

त्यांनी मशीनवरचा अक्कांचा खडू उचलला. कागद शोधायला वेळ नव्हता. समोर पलंगावर निळं कापड पसरलेलं होतं, त्यावरच ते वाकले. मी त्यांना इतक्या वेगानं हात चालवताना कधी पाहिलं नव्हतं. चौकटी नाहीत, माप नाही. आधी बूट, पावलांपेक्षा दुप्पट मोठे, आत चिंध्या कोंबलेले. मग तुमान, कमरेला गोळा करून धरलेली. कमरपट्ट्याला नवं भोक पाडून त्याचं शेपूट लोंबतंय. उपरणं जमिनीवर लोळतंय. बाहीतून कशीबशी बाहेर आलेली चार बोटं. आणि सगळ्यात शेवटी तोंड, बिनमिशीचं, हनुवटी वर, त्या मुलीसारखं. आत्ताच वारा आपल्या हाती आलाय आणि तो आपल्याला चार नंबर मोठा आहे याचा पत्ता नाही.

"दुसरानं कापड शे ते," अक्का ओरडल्या. "त्यावर काय काढी ऱ्हायनात तुम्ही?"

"थांब ना व जराक."

"सोमवारले द्यानं शे माले."

आबांनी खडू ठेवला. घाम पुसताना कपाळावर पांढरी रेघ उमटली.

"मी येडा," ते मला म्हणाले. "त्यालेच ल्हान करी ऱ्हायंतू. त्याले कसाले ल्हान करानं? त्याना कपडाच मोठा करानात." आणि मग, जरा थांबून, "मोठं करानं तं माले येस."

मी सहीचे कागद पिशवीतच ठेवले. ते दीड मीटर कापड घडी करून मांडीवर घेऊन मी जळगावला परतले. खडू पुसला जाईल म्हणून वाटेत दोन तास हातही टेकवला नाही. अक्कांना तसंच कापड बाजारातून आणून द्यायचं मी कबूल केलं होतं. जळगावच्या तीन दुकानांत हिंडल्यावर ती छटा मिळाली. अक्का म्हणाल्या, जरा फिकी आहे, पण चालेल.

मॅडमना व्हिडिओ कॉलवर आम्ही ते कापडच दाखवलं. भाऊ आणि मी दोन टोकं धरून उभे. आबा पाटावर, टोपी घालून. मॅडम पडद्याजवळ वाकल्या. मग म्हणाल्या, "याला कपडे मोठे का झालेत?"

आबांनी शाळेच्या भिंतीवर लिहितात तशा शुद्ध मराठीत उत्तर दिलं. "त्याला शक्ती वाढत्या अंगाची दिलेली आहे. आपल्यात लेकरांना सगळं तसंच देतात."

"मग त्याला ते नीट कधी बसणार?"

"बसले की गोष्ट संपली."

मॅडम हसल्या. आबांचा चेहरा कडक झाला. पण त्या म्हणाल्या, "आईनं मला पाचवीत स्वेटर घेतला होता. तो दहावीत बसला. आणि त्याच वर्षी फाटला." पडद्यावर त्यांच्या मागे बसलेल्या दोघातिघांनी आपापल्या बुटांची, दप्तरांची नावं घेतली. वावूचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. आबांनी सही केली ती त्यांच्या स्वतःच्या वावटळच्या कागदावर, आणि सहीला इतका वेळ लावला, की भाऊंनी मध्ये चहा मागवला. पाटी रंगवावी तशी त्यांनी ती सावलीसकट काढली.

त्यानंतरचे सात-आठ महिने आबांनी आम्हाला जे छळलं ते मी इथे सांगत नाही. एक उदाहरण देते. वावटळची बाही एका चित्रात बोटभर वर गेली, तर ते म्हणाले, याला घाईनं मोठा करू नका. अख्खा प्रसंग पुन्हा केला.

पहिला भाग तयार झाला तेव्हा भाऊंनी आपल्या कॉलनीतली तीसेक मुलं स्टुडिओत बोलावली आणि भिंतीवर पडदा लावला. आबा अक्कांना घेऊन आले. पाट मुलांच्या मागे मांडला होता, आबांच्या शेजारी मी खाली बसले. गोष्ट आबांनीच सांगितलेली. सोनगीरच्या किल्ल्याकडून शाळेची सहल उतरतेय, बसचा ब्रेक निकामी होतो, खाली महामार्ग. वावटळ पहिल्यांदाच उडतो. उडतो आणि स्वतःच्या उपरण्यावर पाय पडून तोंडावर आपटतो.

मुलं खदखदून हसली. मी आबांकडे पाहायचं धाडस केलं नाही. वावटळ उठला, तुमान घसरली, ती पकडली, मुलं आणखी हसली. एक जण तर लोळायला लागला. मला वाटलं, आता पिशवी भरणार.

मग वावटळ बसच्या पुढे जाऊन उभा राहिला. बस थांबवायला दोन हात लागणार, आणि त्याच्याकडे एकच होता. दुसऱ्या हातात तुमान. बस त्याला मागे रेटत चालली. बुटातल्या चिंध्या बाहेर आल्या. बाही बोटांवर घसरली, पकड सुटायला लागली. खोलीतलं हसू एकेक करून थांबलं. लोळणारा उठून बसला. कोणीतरी पुढून हळूच म्हणालं, "सोड ना ती पँट."

आबा पुढे वाकले होते. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला आणि तिथेच घट्ट झाला.

"येले मी चाळीस वरीसथाईन वळखस," ते कुजबुजले. "कधी त्यानी काळजी वाटनी नही. आज वाटी ऱ्हायनी."

पडद्यावर बस आणखी एक हात पुढे सरकली.

"वाची जाई ना व माय तो?"

गोष्ट त्यांचीच होती, शेवटासकट त्यांनीच सांगितलेली. तरी मी म्हटलं, "वाचेल, आबा."